चढाईचा सूत्रधार बदलावा काय?

अमेरिकन फुटबॉलमध्यें चढाईचे डाव आंखण्यासाठीं मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखालीं स्वतंत्र प्रशिक्षक असतो. आयोवा विद्यापीठाच्या संघांत २०१७ पासून हें काम ब्रायन फेरेंट्झ पाहत. मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेंट्झ हे त्यांचे वडील. २०२३ सालीं ब्रायन यांना सामन्यामागें सरासरी २५ गुणांची अट घालण्यांत आली. मोसम चालू असतांच त्यांची गच्छंती जाहीर झाली. अखेरची सरासरी भरली अवघी १५.४. मौज अशी, कीं भक्कम बचावाच्या बळावर संघानें १४ पैकीं १० सामने जिंकले! २०२४ मध्यें नव्या प्रशिक्षकाच्या हाताखालीं सरासरी २७.७ वर गेली, पण विजय मात्र १३ पैकीं ८ च. मग बदल चुकला काय? नाहीं. ज्याचें काम त्याच्याच फळावरून जोखावें. बचावाच्या पुण्याईनें चढाईचें अपयश झांकूं नये.