चाकांवरचे घर आणि रेवदंड्याचा हिवाळा

निवृत्तीनंतर शहरातल्या घराला कुलूप लावावे, गाडीतच दोघांचा संसार मांडावा आणि दिवाळीपासून होळीपर्यंतचे महिने किनाऱ्यावर काढावेत, असे म्हणणारी जोडपी मराठी मध्यमवर्गात आता भेटू लागली आहेत. बारा महिने गाडीतच राहणारी अजून मोजकीच आहेत. पण भाड्याने कॅरॅव्हॅन घेऊन आठवडा-पंधरवडा काढणारी, किंवा जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात पलंग, ओटा आणि शौचालय बसवून घेणारी माणसे अलिबाग-मुरूड रस्त्याला अनोळखी राहिलेली नाहीत. या बदलाकडे गाडीच्या अंगाने पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे: गाडी केवढी, किमतीला किती, आत काय काय आहे. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बाहेरचा माणूस कसा राहत आला याचा मागोवा घेतला, तर प्रश्न वेगळाच असल्याचे दिसते. चाकांवरच्या घराला मुक्कामाची जागा लागते, आणि ती देण्याची ताकद सरकारी पार्कपेक्षा इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत जास्त आहे. ती ताकद आपण अजून वापरलेली नाही, हे माझे म्हणणे आहे.

मोसमापुरते येऊन राहणारा पाहुणा या गावाला मुळीच नवा नाही. कुंडलिकेच्या मुखावरचे रेवदंडा आणि त्याला लागून असलेले चौल हे शिडाच्या जहाजांच्या काळातले मोठे बंदर होते, आणि त्या बंदराचे वर्ष मोसमी वाऱ्यांवर बेतलेले होते. पावसाळ्यात समुद्र बंद, पाऊस ओसरला की गलबते सुरू. व्यापारी उतरले की माल विकून परतीचा वारा मिळेपर्यंत इथेच राहायचे. १४६९च्या सुमारास चौलला उतरलेला रशियन प्रवासी अफनासी निकितीन पुढे पालीवरून जुन्नरला गेला आणि पावसाने त्याला तिथेच थांबवले. परदेशी व्यापारी इथल्या धर्मशाळांत उतरतात आणि त्यांच्या जेवणाची, अंथरुणाची व्यवस्था तिथल्या बायका पाहतात, अशी नोंद त्याने केली आहे. आज रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी इथे कोट बांधला आणि १७४० मध्ये ते ठाणे मराठ्यांकडे आले. सत्ता बदलत गेल्या, तरी पाहुणा थांबे तो गोडे पाणी, शिजवून देणारे हात आणि माल ठेवायला जागा होती म्हणून. जहाज कितीही चांगले असले, तरी बंदरावाचून त्याला महिनोन् महिने कुठे राहता येत नसे.

अलीकडच्या काळात ही रीत बदलली. १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना आली आणि भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामांवर नियंत्रणे आली. त्याच सुमारास मुंबई-पुण्याच्या पैशाने अलिबाग तालुक्यात जमिनी घेण्याचा ओघ वाढला. वाडीच्या जागी बंगला उभा राहिला, त्याला कुंपण पडले, राखणदार नेमला गेला. निवृत्तीनंतर इथे राहायला येऊ, या हिशेबाने बांधलेली अनेक घरे वर्षातला बहुतेक काळ बंदच असतात. त्याच वेळी शनिवार-रविवारचा पाहुणा वाढला. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट सुरू झाली आणि गाडीसकट समुद्र ओलांडता येऊ लागला. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यावर मुंबई आणखी जवळ आली. म्हणजे एका बाजूला कायमचे पण रिकामे घर, दुसऱ्या बाजूला दोन रात्रींची गर्दी. महिनाभर राहून कोळणीकडून रोजची मासळी घेणारा, वाण्याकडे खाते ठेवणारा आणि फेब्रुवारीत पांढऱ्या कांद्याच्या माळा निघेपर्यंत थांबणारा पाहुणा या दोन्हींच्या मधून निसटला. निवृत्त जोडपे नेमके या रिकाम्या जागेत बसते.

सरकारची चाकांवरच्या घराकडे नजर वळली ती करोनाच्या काळात. २०२१च्या सुरुवातीला महाराष्ट्राचे कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आले. गाडी आणि गाड्यांसाठीचे पार्क असा दुहेरी विचार त्यात होता, आणि पार्कमध्ये पाणी, वीज, स्वच्छता यांची सोय अपेक्षित होती. हे पाऊल योग्यच होते. पण कॅरॅव्हॅनकडे पाहण्याची दृष्टी फिरत्या हॉटेलाची राहिली: चार रात्री भाड्याने घ्या, पाच ठिकाणे बघा, परत करा. निवृत्तांचे गणित निराळे असते. त्यांना वेगाची घाई नसते, रोज नव्या गावी गाडी हाकण्याची हौसही फार दिवस टिकत नाही. आणि गंमत अशी की त्यांच्या लांब मुक्कामाला लागणाऱ्या सोयी पर्यटन खात्याबाहेरच तयार होत गेल्या. नोव्हेंबरात बँकेत किंवा कोषागारात जाऊन हयातीचा दाखला देणे हे पेन्शनरला घरी बांधून ठेवणारे काम होते. २०१४ पासून तो डिजिटल पद्धतीने देता येतो. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे, २०२३ पासून बायकांना निम्मे तिकीट आहे. त्यामुळे गाडी वाडीत उभी ठेवून मुरूड, रोहा, अलिबाग लालपरीने हिंडता येते. २०१९च्या दुरुस्तीनंतर पंचावन्नच्या पुढच्या चालकाचा परवाना पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावा लागतो. गाडी कमी हाकून जास्त राहण्याचा बेत या वयाला म्हणूनही शोभतो.

जगात जिथे ही रीत रुजली, तिथलाही अनुभव मुक्कामाकडेच बोट दाखवतो. अमेरिकेत ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटच्या वाळवंटात हिवाळ्यात हजारो मोटरहोम येतात आणि त्यांतले कितीतरी जण निवृत्त असतात. तिथे १९८३ पासून केंद्रीय भूव्यवस्थापन खात्याने दीर्घ मुक्कामाची क्षेत्रे ठरवून दिली आहेत. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या मोसमाचा परवाना दीर्घकाळ अवघ्या १८० डॉलरला मिळत आला. त्या पैशात चैन मिळत नाही. पाण्याचा नळ, मैला रिकामा करण्याची जागा आणि निर्धास्तपणे उभे राहण्याचा हक्क मिळतो, आणि माणसे तेवढ्यासाठी दरवर्षी परततात. गोव्यात युरोपातून रस्त्याने आलेल्या गाड्या कित्येक वर्षे माडांच्या सावलीत मुक्काम करत आल्या. जिथे जागामालकाशी नीट व्यवहार ठरला तिथे ते निभावले. जिथे किनाऱ्यावरच चूल पेटली तिथे गावाचा रोष ओढवला. २०१९ मध्ये गोव्याने पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्याला आणि मद्य पिण्याला दंडाची तरतूद केली.

रेवदंड्याची वाडी या कामाला का योग्य, हे तिच्या रचनेतच आहे. वाडीला स्वतःची विहीर असते, पंपाला वीज असते, गाडीरस्ता असतो, माडांची सावली असते आणि जवळच मालकाचे घर असते. गाडीतल्या टाकीत शंभर लिटर पाणी मावले, तर काटकसरीने राहणाऱ्या दोघांना ते दोन-तीन दिवस पुरते. विहिरीवरून ते भरून देणे अवघड नाही. भांड्यांचे, अंघोळीचे पाणी केळी-अळूच्या आळ्यांत सोडण्याची पद्धत कोकणातल्या न्हाणीघरांनी पिढ्यान् पिढ्या पाळली आहे. शिवाय एक निकड आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या केल्या. नव्याने लावलेल्या पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षे जातात, माडालाही साधारण तेवढीच. त्या मधल्या वर्षांत वाडी विकू नये असे वाटत असेल, तर तिच्यातून दुसरे उत्पन्न निघाले पाहिजे. एका गाडीपुरती टणक जागा, एक नळ, मीटरसह विजेचा जोड आणि शौचालयाच्या टाकीत मैला ओतण्याची झाकणबंद सोय एवढ्यात ते सुरू होते. खोल्या बांधण्याच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे, आणि धंदा नाही चालला तरी वाडी वाडीच राहते.

यावर पहिला आक्षेप घाणीचा, आणि तो गंभीर आहे. किनाऱ्याची जमीन रेताड, विहिरी उथळ. मैला जमिनीत मुरला तर गावचे पिण्याचे पाणी नासते, आणि पंपाने उपसा वाढला तर खारे पाणी आत शिरते. माझे उत्तर असे की हा आक्षेप वाटेल तिथे गाडी उभी करण्याविरुद्ध आहे, ठरलेल्या मुक्कामाविरुद्ध नाही. समुद्रकाठच्या मोकळ्या रेतीत रात्र काढणाऱ्या गाडीचा मैला कुठे जातो हे कोणी विचारत नाही. वाडीच्या मालकाला विचारावेच लागते, कारण विहीर त्याची आहे. तरीही एका वाडीत दोन किंवा तीन गाड्यांची मर्यादा, मैल्यासाठी पक्की टाकी आणि ग्रामपंचायतीची तपासणी या अटी सुरुवातीपासून असाव्यात. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर गाड्या उतरवणाऱ्यांमुळे गावे वैतागलेली आहेत; नव्या पाहुण्याला त्याच माळेत बसवू द्यायचे नसेल, तर नियम गावानेच घालून दिले पाहिजेत.

दुसरा आक्षेप तर्काचा आहे: महिनाभर एकाच जागी राहायचे तर चाके कशाला, घरगुती खोली भाड्याने का घेऊ नये? ज्यांना जमते त्यांनी जरूर घ्यावी. पण साठी-सत्तरीत रोजच्या सोयी फार मोलाच्या होतात. सवयीचा पलंग, गुडघ्यांना झेपेल असे शौचालय, पथ्याचा स्वयंपाक करता येईल असा ओटा, औषधांचा ठरलेला कप्पा यांच्याशी फार तडजोड होत नाही. त्या सगळ्यासह एक महिना रेवदंडा, पुढचा गुहागर, त्यापुढचा वेंगुर्ला असा हिवाळा काढता येतो आणि प्रकृती बिघडली तर घरी परतताही येते. घरगुती खोल्यांचे दर सुट्टीच्या गर्दीवर ठरतात, महिन्याच्या पाहुण्यासाठी ते क्वचितच बेतलेले असतात. बंगल्याशी तुलना केली तर फरक आणखी ठळक होतो: बंगला जमीन कायमची अडवतो, गाडी एप्रिलच्या उकाड्याआधी निघून जाते आणि जागा मालकाकडेच राहते.

तिसरा आक्षेप पैशाचा. मोटरहोम ही ऐपतवाल्यांची गोष्ट आहे, हे खरेच आहे. ज्या राज्यात नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात आणि तो कोयता दर हिवाळ्यात बीडहून निघून कारखान्याच्या फडाजवळ कोपीत राहतो, जिथे धनगर मेंढरे घेऊन देशावरून कोकणात उतरतात, तिथे हौसेच्या स्थलांतराची बाजू मांडताना भान ठेवायलाच हवे. पण या तुलनेतून मुक्काम नाकारण्याचे कारण मिळत नाही, उलट एक धडा मिळतो. धनगर आणि शेतकरी यांच्यात जुना करार आहे: मेंढरे शेतात बसवायची, शेताला खत मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. पाहुणा आणि जमीनधारक दोघांच्याही हाती काही पडते, म्हणून तो टिकला. निवृत्त जोडप्याच्या मुक्कामातही पैसा वाडीत, गावच्या दुकानात आणि मासळीच्या टोपलीत उतरला पाहिजे. तो बाहेरच्या कंपनीच्या पार्कमध्येच जिरला, तर आक्षेप घेणारे बरोबर ठरतील.

त्यासाठी नवे धोरण लिहिण्याची गरज नाही. २०२० पासून राज्याचे कृषी पर्यटन धोरण आहे, निवास-न्याहारी योजना त्याहून जुनी आहे. या दोन्हींत नोंदलेल्या वाडीमालकाला एक-दोन गाड्यांच्या मोसमी मुक्कामाची परवानगी साध्या अर्जावर मिळावी, घटस्थापनेपासून होळीपर्यंतची मुदत असावी, आणि मैल्याच्या व्यवस्थेची अट त्यातच लिहावी. रेवदंडा-चौलच्या दहा वाड्यांत हे दोन हिवाळे करून पाहिले, तर पाण्यावर किती ताण पडतो, मालकाला किती मिळते आणि पाहुणे पुन्हा येतात का, हे नेमके कळेल. अलिबागचे जिल्हा रुग्णालय सुमारे १७ किलोमीटरवर असल्याने वृद्धांसाठी प्रयोगाला हीच जागा सोयीची आहे. गाड्या येणारच आहेत. त्या कुणाच्या दारात, कोणत्या अटींवर थांबतील हे आज गावाच्या हातात आहे. आणखी दहा वाड्या विकल्या गेल्या तर ते तसे राहणार नाही.