ब्रेकच्या पायाखालचा काटा

अमरावती ते अकोला या वाटेवर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता छान झाला, पण तो वाहतुकीचा रस्ता आहे. त्यावर कापसाचे ट्रक आहेत, एसटी आहे, शेतातून परतणारी माणसं आहेत. गाडी शेवटच्या मर्यादेपर्यंत पळवून बघावी अशी ज्या वऱ्हाडी पोराची हौस आहे, त्याच्यासाठी देशातले मोठे ट्रॅक ग्रेटर नोएडाला, चेन्नईजवळ आणि कोइम्बतूरला. कार्टिंगसाठीही कोल्हापूर गाठायचं म्हटलं तर सगळा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. म्हणून ही हौस घरातल्या एका खोलीत येते. समोर पडदा, हातात मोटरचं स्टिअरिंग, पायाखाली पेडल. याला सिम रेसिंग म्हणतात, आणि घरातली वडीलधारी मंडळी याला व्हिडिओ गेम म्हणतात. हा निव्वळ खेळ नाही, असं माझं मत आहे. मात्र त्यातलं खरेपण जिथे सगळे शोधतात, त्या पडद्यावर ते नाही. ते ब्रेकच्या पायात आहे.

आधी चाकाचं बघू, कारण पैसे बहुतेक तिथेच खर्च होतात. लॉजिटेकच्या जी-29सारख्या स्वस्त चाकात लहान मोटरी दातेरी चक्रांमधून हातापर्यंत जोर पोचवतात. हा जोर साधारण दोन न्यूटन-मीटर. त्यापुढच्या चाकांत पट्टा असतो, आणि ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ प्रकारात चाक थेट मोटरच्या दांड्यावरच बसतं. आठ न्यूटन-मीटरची मोटर असेल तर फूटभर रुंद चाकाच्या कडेला साडेपाच किलोंच्या आसपास ओढ येते. तासभर ती ओढ सांभाळली की मनगट आणि दंड भरून येतात. पण चाक सांगतं ते पुढच्या टायरांचं. मागची बाजू घसरायला लागली की खऱ्या गाडीत ते आधी कंबरेला कळतं. घरातली खुर्ची त्या बाबतीत मुकी असते.

ब्रेकचं तसं नाही. स्वस्त पेडल फक्त एकच गोष्ट मोजतं, पाय किती खाली गेला. खऱ्या शर्यतीच्या गाडीत पॅड डिस्कला भिडले की पेडल जवळपास हलतच नाही, पुढचं सगळं काम जोरावर चालतं. फॉर्म्युला वनचा चालक मोठ्या वळणाआधी पेडलवर शंभर किलोंहून अधिक जोर टाकतो. हा जोर मोजण्यासाठी चांगल्या पेडलमध्ये लोड सेल बसवतात. ही वस्तू वऱ्हाडाला परकी नाही. बाजार समितीतला इलेक्ट्रॉनिक काटा असो की भरलेला ट्रक तोलणारा धर्मकाटा, आत तीच असते. धातूच्या ठोकळ्यावर बारीक तारेची जाळी चिकटवलेली असते. भार आला की ठोकळा डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो, तार ताणली जाते, तिचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून वजन निघतं. कापसाऐवजी इथे पायाचं वजन होतं, एवढाच फरक. पाय किती खाली नेला हे स्नायूंच्या फारसं लक्षात राहत नाही. किती जोर लावला हे पक्कं लक्षात राहतं. वळणाआधी एकदम पूर्ण दाबायचं, मग वेग उतरेल तसा दाब किलोकिलोनं सोडत वळणात शिरायचं, ही कला जोर मोजणाऱ्या पेडलशिवाय सहजी येत नाही. एका फेरीत सात-आठ वेळा जोराचा ब्रेक लागतो असं धरलं, तर वीस फेऱ्यांत एक पाय दीडशे वेळा पन्नास किलोंचा भार ढकलतो. खेळ म्हणून हिणवणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा.

यावर रास्त आक्षेप असा, की गाडीत शरीराला जे धक्के बसतात ते घरी कुठे असतात? नसतातच. हलणाऱ्या खुर्च्याही ही उणीव भरून काढू शकत नाहीत. खुर्ची तीस अंशांत तिरपी केली तरी गुरुत्वाकर्षणाचा निम्माच भार अंगावर येतो, आणि फॉर्म्युला वनच्या ब्रेकिंगमध्ये चार-पाच पट येतो. फिनलंडचा ग्रेगर हुट्टू हा आयरेसिंग या ऑनलाइन सिम रेसिंगचा जगज्जेता. 2010 च्या सुमारास त्याला अमेरिकेत रोड अटलांटाच्या ट्रॅकवर खऱ्या स्टार माझदा गाडीत बसवलं. त्याचे ब्रेकचे बिंदू अचूक होते. पण उष्मा आणि वळणांचे ताण शरीराला सोसवेनात, त्याला उलटी झाली. मला हा प्रसंग घरच्या यंत्राच्या बाजूचा पुरावा वाटतो. डोकं आणि पाय घरात तयार झाले होते, मान आणि पोट झाले नव्हते. जॅन मार्डनबरो 2011 मध्ये जीटी अकॅडमी ही गेम खेळणाऱ्यांतून चालक निवडणारी स्पर्धा जिंकून पडद्यावरून ट्रॅकवर आला आणि 2013 मध्ये ले मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात तिसरा आला, पण मधल्या काळात त्याला खऱ्या गाडीत घडवलं गेलं होतं. त्याच मार्डनबरोची गाडी 2015 मध्ये न्यूरबर्गरिंगला उडाली आणि एक प्रेक्षक दगावला. घरी गाडी आपटली की एक बटण दाबून नवी मिळते. ही भीतीची उणीव मात्र कोणतंच यंत्र भरून काढत नाही, आणि ते प्रत्येक पोराला स्पष्ट सांगायला हवं.

अडचणी आणखी आहेत. पन्नास किलो जोर लावला की चाकांची खुर्ची भिंतीपर्यंत मागे सरकते आणि पेडल पुढे पळतं. म्हणजे पेडलच्या आधी चौकट हवी. ती परदेशातून मागवायची गरज नाही, चौकोनी पाइप वेल्ड करून गावातला फॅब्रिकेशनवाला बांधून देतो. धुळीनं स्वस्त पेडलचे संपर्क बिघडतात आणि ब्रेक आपोआप लागल्यासारखा होतो. ऐन शर्यतीत वीज गेली तर इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत संगणक बंद पडतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 ओलांडतो, त्या दुपारी बंद खोलीत पडदा, मोटर आणि माणूस तिघंही तापतात. त्या उकाड्यात तासभर चालवणं ही हुट्टूला न मिळालेली तालीम आहे हे खरं, पण पाणी आणि मीठ जवळ न ठेवता कुणी ती करू नये. सगळ्यात मोठी अडचण पैशाची. एका घराला हे सगळं परवडणं कठीण. परवडलं तरी एकटा पोरगा तासन् तास बसून मान आणि पाठ बिघडवून घेतो, कारण त्याला बसायचं कसं, मान कशी कमवायची, हे सांगणारं तिथे कुणी नसतं.

सांगणारे अमरावतीत आहेत. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून माणसांची शरीरं घडवतं आहे, 1936 मध्ये त्याचं पथक बर्लिनला जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. आज त्याच मंडळाचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. मान, कंबर आणि पोटरी कशी कमवायची हे एका वर्गाला कळतं, लोड सेल कसा जोडायचा हे दुसऱ्याला. या दोघांनी मिळून एका खोलीत एक पक्की चौकट, एक साधं चाक आणि एक चांगलं ब्रेक पेडल बसवावं, आणि अमरावती-अकोल्याच्या पोरांना पाळीपाळीनं तिथे बसू द्यावं. चाक साधं असलं तरी चालेल. ब्रेकमध्ये काटकसर करू नये.