लहान कुत्रे आणि थंडीची पहाट

ग्वाल्हेरकडे जानेवारीत पारा कधी कधी ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. तरीही घरचे लहानगे कुत्रे पहाटेच्या दवातून फिरविणारे लोक आम्ही पाहतो. अंगावर केस असता त्यास थंडी कसली, असे त्यांस वाटते. परंतु देह जितका लहान, तितकी वजनाच्या मानाने कातडी अधिक, आणि ऊबही तितकीच लवकर निघून जाते. त्यातून पाय आखूड. पोट ओल्या गवतास घासते. डॅशहुंडसारख्या तोकड्या केसांच्या जातीचे तर फारच हाल! ते कुडकुडू लागले, पाय उचलून धरू लागले, तर तो हट्ट समजू नये. ऊन चढल्यावर १५ मिनिटे फिरवावे, जुन्या स्वेटरची बाही अंगात चढवावी, आणि परतताच पोट व पंजे कोरड्या फडक्याने पुसावेत. हे शेवटचे काम पोरे मोठ्या हौसेने करतात.