कोंकणांतील शरद आणि पानांचे रंग
आंबा-बागाईतदारांस कांहीं सूचना

थंड मुलखांत शरद ऋतु आला म्हणजे अरण्यें तांबडीं-पिवळीं होतात. काश्मिरांतील चिनार, तसेच जपान व उत्तर अमेरिका येथील मेपल वृक्ष यांची ती शोभा पाहावयास लोक दूरदूरून येतात. आमच्या रत्नागिरीकडे पाहावें तर आश्विन-कार्तिकांत झाडी हिरवी. सड्यावरील गवत तेवढें पिवळें पडत चाललेलें. यावरून आपल्याकडे पानांस शरदाचा रंग चढतच नाहीं असा समज सहज होतो. परंतु त्याच दिवसांत कोणाहि बागाईतदारानें आपल्या हापूसच्या कलमांत उभें राहावें. काळसर हिरव्या झाडाच्या एखाद्या बगलेस तांबूस, मऊ, खालीं लोंबणारीं पानें दिसतील. हाच आमच्या देशचा शरदाचा रंग होय. थंड मुलखांतील तांबडें पान मरणाच्या वाटेवर असतें. आमचें तांबडें पान नुकतेंच जन्मास आलेलें असतें. हा भेद केवळ शोभेचा नव्हे. पुढील वैशाखांतील उत्पन्न पुष्कळ अंशीं त्यावर अवलंबून असल्यामुळें येथें त्याचा थोडा विस्तारानें विचार करूं.

रंग कसा चढतो

पानाचा हिरवेपणा हरितद्रव्यामुळें असतो. त्याच्या जोडीस पानांत पिवळें द्रव्य असतेंच, पण हिरव्यापुढें तें दिसत नाहीं. थंड मुलखांत दिवस लहान व रात्री गार होऊं लागल्या म्हणजे झाड हरितद्रव्य मोडून त्यांतील सत्त्व परत घेतें. मग पिवळें उघडें पडतें. त्याच वेळीं कांहीं जातींच्या पानांत साखर सांचून तांबडें द्रव्य नव्यानें तयार होतें. लख्ख ऊन आणि गार रात्री असतील तर हा रंग अधिक खुलतो.

आमच्याकडे समुद्राच्या सान्निध्यामुळें पौषांतहि रात्रीचें उष्णमान सरासरी १८-१९ अंशांच्या आसपास असतें. पान गाळण्यास झाडांस भाग पाडते ती थंडी नव्हे, तर पावसाळ्यानंतरचा पाण्याचा तुटवडा. म्हणून ऐन, किंजळ, साग यांची मोठी पानगळ हिंवाळा सरतां सरतां होते, आणि तींत तांबड्यापेक्षां पिवळा व करडा रंगच अधिक. अपवाद म्हणजे अंगणांतला देशी बदाम. त्याचें पान गळण्यापूर्वीं खरोखरच लालभडक होतें.

कोंवळ्या पानांत मात्र तेंच तांबडें द्रव्य आमच्याकडे सर्वत्र आढळतें. फाल्गुन-चैत्रांत कोशिंबाचें झाड असें लाल होतें कीं दुरून तें फुललेंसें वाटावें. आंबा, काजू, रातांबा, पिंपळ यांची पालवीहि तांबूस असते. कोंवळ्या पानाची घडण पुरी झालेली नसतां कडक उन्हापासून हें द्रव्य त्याचें रक्षण करतें, असें वनस्पतिशास्त्रज्ञ मानितात. घडण पुरी झाली कीं तांबडें जाऊन पान प्रथम पोपटी व मग गर्द हिरवें होतें.

पालवी आणि मोहोर

आंब्याची काडी एके वेळीं दोन कामें करीत नाहीं. तिच्या शेंड्यावर पालवी येईल किंवा मोहोर येईल. आश्विनांत ज्या काडीवर पालवी फुटली, ती जून होण्यास कांहीं महिने लागतात. थंडी चांगली पडल्यास अशी काडीहि मोहरते; परंतु थंडी बेताची असेल तर तिचा मोहोर लांबतो, किंवा ती ते वर्ष तशीच जाते. उलट जी काडी पावसाळ्यांत जून होऊन आश्विन-कार्तिकांत स्वस्थ राहिली, तिच्यापासून मार्गशीर्ष-पौषांत मोहोराची आशा करावी. मोहोरापासून फळ तयार होण्यास सुमारें साडेतीन ते चार महिने लागतात. माघाच्या अखेरीचा मोहोर धरला तरी त्याचें फळ मृगाच्या पावसांत सांपडतें. म्हणजे आश्विनांतील तांबडी बगल पाहून त्या बगलेचा हिशेब चार महिने आधींच मांडतां येतो.

आम्हीं स्वतः या बाबतींत एकदां चूक केली ती सांगण्यास संकोच वाटत नाहीं. एका वर्षीं पाऊस लवकर उघडला, कातळ तापूं लागला. कलमांची दया येऊन विहिरीजवळच्या कलमांस आम्हीं आश्विनांत दोन-तीन वेळां पाणी दिलें. तीनेक आठवड्यांत त्यांवर अशी तांबडी पालवी दाटली कीं येणाराजाणारा कौतुक करी. पौषांत वरच्या अंगाचीं कोरडीं कलमें मोहरलीं; पाणी प्यालेलीं मात्र हिरवींगार उभीं राहिलीं. त्यांवर उशिरां जो थोडा मोहोर आला, त्याचीं फळें पावसानें डागाळलीं. त्या वर्षीं कलमांवर केलेल्या दयेची किंमत आम्हांस पुरेपूर मोजावी लागली.

म्हणून फळावर आलेल्या कलमांस पाऊस सरल्यावर मोहोर येऊन फळ धरेपर्यंत पाणी देऊं नये. नत्रयुक्त खत तर मुळींच देऊं नये. खताचा काळ मृगाच्या सुरुवातीचा. लहान, अद्याप फळावर न आलेल्या रोपांस हा नियम लागू नाहीं; त्यांची पालवी हीच त्यांची वाढ होय.

पालवी आलीच तर तिची हेळसांड करूं नये. तुडतुडे, शेंडा पोखरणारी अळी आणि करपा यांचा जोर कोंवळ्या पानांवरच अधिक. सुकून मान टाकलेले शेंडे कापून जाळावे. पालवी निरोगी जून झाली तर यंदा नाहीं तरी पुढें तीच काडी फळ देणारी आहे.

आतां पालवी आवरण्याचा दुसरा एक उपाय झाला आहे. दापोलीस १९७२ सालीं कृषि विद्यापीठ स्थापन झालें. त्याच्या शिफारशीप्रमाणें हापूसच्या बुंध्याभोंवतीं जमिनींत पॅक्लोब्युट्राझोल हें औषध १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या सुमारास देतात. त्यानें झाडाची वाढ आंखडून पालवी कमी येते व मोहोर लवकर येतो. एका वर्षाआड फळणाऱ्या हापूसच्या बाबतींत हा लाभ लहान नव्हे. परंतु हें औषध म्हणजे खत नव्हे. दरवर्षीं फळ घ्यावयाचें तर झाडास दरवर्षीं भरपूर शेणखत घातलें पाहिजे. रोगट व अशक्त झाडास तें देऊंच नये. आणि मात्रा झाडाच्या विस्तारावरून ठरवावी, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे.

पिवळें पान व पातेरा

पिवळें होऊन गळणारें पान वयानें पिकलें कीं अन्नावांचून पिवळें पडलें, हें ओळखणें अवघड नाहीं. काडीच्या बुडाचीं मोजकींच जुनीं पानें पिकत असतील तर चिंतेचें कारण नाहीं. जुनीं पानें सरसकट फिकीं पडलीं तर नत्राची वाण समजावी. कडा करपूं लागल्या तर पालाशाची, किंवा खाडीकांठच्या बागेंत क्षाराची शंका घ्यावी. नवीन पान पिवळें व शिरा मात्र हिरव्या दिसल्यास लोहाची उणीव असावी.

पान गाळण्यापूर्वीं झाड त्यांतील सुमारें निम्में नत्र व स्फुरद परत घेतें. उरलेलें, आणि बहुतेक सर्व चुना, पानाबरोबर जमिनीवर येतो. आमची जांभ्याची जमीन उथळ, त्यांत मृगापासून हस्तापर्यंतच्या पावसानें सत्त्व धुऊन जातें. अशा जमिनींत पातेरा पेटवून देणें म्हणजे घरांत आलेलें धन धुरावाटे घालविणें होय. शिवाय सड्यावरच्या वाळल्या गवतास ठिणगी लागून वणव्यानें उभ्या बागा जळाल्याचीं उदाहरणें सर्वांच्या पाहण्यांत आहेत. रोगट काड्या तेवढ्या निवडून जाळाव्या. बाकीचा पातेरा कलमाच्या आळ्यांत, बुंध्यापासून हातभर अंतर राखून पसरावा, आणि बागेभोंवतीं गवत काढून जाळरेषा आंखावी.

बंधूंनीं यंदाच्या आश्विनापासून एक लहानशी वही ठेवावी. प्रत्येक कलमाची कोणती बगल तांबडी झाली, कोणती स्वस्थ राहिली, पुढें मोहोर कोठें व केव्हां आला, हें टिपावें. तीन-चार वर्षांची अशी वही जवळ असली म्हणजे कलमाचा खंड ठरवितांना व्यापाऱ्याच्या अंदाजावर विसंबावें लागणार नाहीं.