विमानाचा दांडा हलका कसा होतो?



यंदा आम्ही कामगार कायद्यावर बोलू अशी पुष्कळांची अपेक्षा असेल. पण विषय निघाला तो असा. उद्यमनगरात जेवणाच्या सुट्टीत आम्ही अमोल यादवांच्या विमानाची हकीकत सांगत होतो. हे गृहस्थ पेशाने वैमानिक. मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले. ते २०१६ च्या फेब्रुवारीत 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये ते धुळ्याच्या धावपट्टीवरून उडाले. हे ऐकून एका तरुण फिटरने विचारले, "अण्णा, इमान वर हाय तवर त्यो दांडा धरूनच बसायचा व्हय?"

प्रश्न लाखमोलाचा होता आणि आम्हाला उत्तर देता आले नाही. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा शब्दकोश शेजारी ठेवून घरबांधणीच्या विमानांची माहितीपत्रके वाचली. यादवांच्या विमानात कोणती रचना आहे हा आजचा विषय नव्हे. अशा विमानांत जी विजेची रचना सर्रास बसवतात, ती सांगतो.

उसाची बैलगाडी भरताना ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते आणि पुढे आले की धुरजड होऊन बैलांच्या मानेवर बसते. विमानाचेही तेच. मागच्या आसनावर दोन माणसे बसली, टाकीतले इंधन जळाले, वेग कमी-जास्त झाला, की नाकाचा कल बदलतो. शेपटीच्या आडव्या पंखाला मागे बिजागरीवर एक वरखाली हलणारी फळी असते; तिचे नाव एलिव्हेटर. वैमानिकाने दांडा मागे ओढला की ही फळी वर उचलली जाते, हवा शेपटीला खाली दाबते आणि नाक वर होते. आता गाडी धुरजड असेल तर दांडा सतत ओढून धरणे आले. ओढ दोन-तीन किलोची का असेना, तासभर धरून पाहा. हाताला रग लागते, लक्ष उडते, आणि उतरण्याच्या वेळी, जेव्हा हात ताजा हवा, तेव्हाच तो थकलेला असतो.

यावर तोड म्हणजे ट्रिम टॅब. एलिव्हेटरच्या मागच्या कडेला एक छोटी पट्टी, तीही बिजागरीवर. अशा पट्टीशी फ्लेटनर या जर्मन इंजिनियराचे नाव जोडलेले आहे. गंमत अशी की पट्टीचे काम उलटे चालते. पट्टी खाली वळली की हवा एलिव्हेटरला वर ढकलते, म्हणजे नाक वर जाते. नाक खाली हवे असेल तर पट्टी वर गेली पाहिजे. हे नीट ध्यानात ठेवा. पुढे याच ठिकाणी माणूस फसतो.

पूर्वी ही पट्टी हलवायला वैमानिकाशेजारी एक चाक असे आणि तेथून शेपटीपर्यंत तारा ओढलेल्या असत. आजही पुष्कळ विमानांत तसेच आहे आणि ते वाईट नाही. परंतु घरी बांधणाऱ्याला कप्प्या बसवणे, तारांचा ताण राखणे जिकिरीचे होते. म्हणून तो बारा व्होल्टची, तळहातावर मावेल एवढी सर्वो मोटर घेतो. मोटर फिरली की आतला आटेदार दांडा थोडा पुढे सरकतो किंवा मागे येतो. नमुन्याप्रमाणे ही सरक पाऊण इंचापासून सव्वा इंचापर्यंत असते. तो दांडा एका सळईने पट्टी हलवतो. वीज बंद झाली की दांडा आहे तेथेच राहतो, कारण हवेने कितीही रेटले तरी बारीक आटे उलटे फिरत नाहीत. आपला स्क्रू-जॅक असाच थांबतो.

मोटर बहुधा एलिव्हेटरच्या पोटातच बसवतात. खालच्या पत्र्याला चौकोनी खिडकी कापायची, कडेला मजबुतीची पट्टी रिव्हेट करायची आणि मोटर झाकणावर बसवायची, म्हणजे दुरुस्तीला चार स्क्रू काढले की ती बाहेर येते. वायर जेथे पत्र्यातून जाते तेथे रबराची बांगडी हवीच, नाहीतर थरथरीने पत्रा वायर कापतो. बिजागरीपाशी वायरीला थोडा सैल वळसा द्यायचा. पट्टीच्या सांध्यांत बोटाला जाणवेल इतका खेळ राहू द्यायचा नाही; सैल पट्टी वेगात फडफडू लागली तर शेपटी तुटू शकते. शिवाय मोटरचे वजन बिजागरीच्या मागे पडते, म्हणून एलिव्हेटरचा तोल पुन्हा तपासायचा आणि लागेल तर पुढच्या बाजूचे शिसे वाढवायचे.

सर्वोतून पाच वायरी येतात. तीन पट्टीची जागा दाखवणाऱ्या दर्शकाच्या, दोन मोटरच्या. या दोनांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते.

येथे आम्हाला एक जुनी गोष्ट आठवते. एका कारखान्यात रिवाइंडिंगहून आलेली होइस्टची मोटर घाईत जोडली. तीन फेजपैकी दोन वायरी बदलल्या गेल्या. कामगाराने वर न्यायचे बटण दाबले आणि साच्याची पेटी खाली आली. त्याची दोन बोटे गेली. चौकशीत सारा दोष जोडणाऱ्या फिटरवर आला. आम्ही विचारले, जोडणी तपासली कोणी? तर त्यानेच. चूक करणाऱ्याला आपली चूक दिसत नाही, कारण त्याचे डोळे आपल्या हाताचीच साक्ष देतात. त्या दिवसापासून आम्ही दुसऱ्या माणसाच्या सहीचा हट्ट धरतो आणि त्यापायी कामचुकारांचे पुढारी म्हणून घेतले आहे.

विमानात धोका दुहेरी. दर्शकाच्या वायरीही उलट्या लागल्या असतील तर आतला दर्शक "सर्व ठीक" असेच सांगेल. म्हणून एकाने आत बसून बटण दाबायचे आणि दुसऱ्याने शेपटीमागे उभे राहून डोळ्यांनी पट्टी पाहायची. आतला ओरडतो, "नाक खाली!" मागच्याला पट्टी वर जाताना दिसली पाहिजे. "वर म्हणजे वर" असा समज असलेला माणूस मागे उभा केला, तर तो चुकीलाच होकार देईल. त्याला आधी उलट्या कामाचे कारण समजावून द्यावे लागते.

दुसरा धोका न थांबणाऱ्या मोटरचा. बटण चिकटले किंवा रिलेचे टोक वितळून जुळले की पट्टी टोकापर्यंत जाते. त्यासाठी मोटरच्या वाटेवर स्वतंत्र, हात पोचेल असा तोडणीचा स्विच ठेवतात, आणि पट्टी टोकाला गेली तरी दांडा हाताने धरता येतो की नाही हे पुरेशा उंचीवर, बेताच्या वेगात पाहून घेतात. मोठ्या विमानांत हा प्रश्न किती भयंकर होतो ते जगाने पाहिले. बोइंग ७३७ मॅक्समध्ये पट्टी नव्हे, शेपटीचा अख्खा आडवा पंखच मोटर हलवते. एका संवेदकाच्या चुकीच्या मापावरून यंत्रणेने नाक पुन्हा पुन्हा खाली दाबले. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात मिळून ३४६ माणसे गेली. इथिओपियाच्या वैमानिकांनी मोटर तोडली होती, पण वेग इतका वाढला होता की हाताचे चाक फिरेना.

छोट्या विमानात हाताचे बळ पुरावे एवढीच पट्टी ठेवता येते. ती मोठी करण्याचा मोह बांधणाऱ्याने आवरायचा. वेगात बटणाचा नुसता स्पर्शही जास्त होतो, म्हणून काहीजण मोटरची गती कमी करणारा नियंत्रकही बसवतात.

हे सारे त्या फिटरला सांगितले. त्याने स्क्रू-जॅकचे ऐकून मान डोलावली आणि विचारले, "मागं हुबा राहणाऱ्याचं नाव कुठं लिवत्यात?"