करंट की पेट्रोल?

'गाडी मध्येच बंद पडते' एवढ्या तक्रारीवर जुन्या फियाटचा जाणता मेकॅनिक बॉनेटला हात लावत नाही. आधी विचारतो: कशी बंद पडते? दिवा मालवावा तशी झटक्यात, की आचके खात? गार असताना की तापल्यावर? सिग्नलला उभी असताना की घाट चढताना? परत चालू व्हायला किती वेळ घेते? झटक्यात मेली तर पहिला संशय करंटवर, आचके खात मेली तर पेट्रोलवर. या आडाख्याला अपवाद आहेत, पण सुरुवात इथूनच करायची.

फियाट म्हणजे कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने इटलीच्या फियाट 1100 वरून ती बनवली. 1089 सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, एक कार्बोरेटर, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. मुंबईची काळी-पिवळी म्हणून तिने ऑक्टोबर 2023 पर्यंत कष्ट उपसले. 2003 मध्ये ताडदेव आरटीओत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत तेव्हा भरली. आता उरल्यात त्या बहुतेक हौशी लोकांकडे, आणि उभ्याच जास्त. उभ्या गाडीचे रोग निराळे: टाकीत गंज, जेटमध्ये चिकटा, पॉइंटवर काळं पुट.

करंट बघायला आसपास पेट्रोल सांडलेलं नाही याची खात्री करायची, प्लगची वायर काढून तिचं टोक इन्सुलेशनच्या पकडीने इंजिनाच्या लोखंडापासून अर्ध्या सेंटिमीटरवर धरायचं आणि सेल्फ मारायला सांगायचं. टकटक आवाज करत निळी, जाड ठिणगी पडली तर पेट्रोलकडे वळावं. पिवळट, अडखळती पडली तर डेल्कोची, म्हणजे डिस्ट्रिब्युटरची, टोपी उघडावी.

टोपीखाली पॉइंटची इवलीशी जोडी असते. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असताना ती सेकंदाला 100 वेळा उघडते-मिटते. फट हवी साधारण 0.4 मिलिमीटर. पॉइंट उघडणारा फायबरचा तुकडा झिजत जातो, तशी फट मिटत येते आणि एके दिवशी गाडी सिग्नलला तग धरेनाशी होते. पॉइंट जवळून बघावेत. एकावर खड्डा आणि समोरच्यावर उंचवटा दिसला तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. गार असताना हा कंडेन्सर चोख वागतो आणि तापला की दगा देतो. आत येणारी बोटभर वायरही हलकेच ओढून पाहावी. नुसतं आवरण ताणलं गेलं तर आतली तांब्याची तार तुटलेली आहे. बाहेरून ती धडधाकट दिसते, म्हणून या एका वायरपायी लोक कॉइलपासून बॅटरीपर्यंत सगळं बदलून बसतात.

पेट्रोलच्या बाजूला टाकीतून पेट्रोल ओढणारा एसी पंप इंजिनालाच बसवलेला. मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये तो इतका तापतो की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ढवळत राहतो. त्यावर ओलं फडकं टाकण्याचा उपाय मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी वर्षानुवर्षं केला. उपाय खरा आहे, पण त्याने निदान होत नाही. फडकं टाकून दहा मिनिटं थांबलं की कंडेन्सरही निवतो, कॉइलही निवते. गाडी चालू होते आणि दोष पंपाच्या नावावर लिहिला जातो. म्हणून तपासणी गाडी मेल्या-मेल्या, ती तापलेली असतानाच करायला हवी. निवलेल्या इंजिनात पुरावा उरत नाही. गॅरेजपर्यंत टो करून आणलेली गाडी तिथे पहिल्या सेल्फला सुरू होते, त्याचं कारण हेच.

तेव्हाच टाकीचं झाकणही उघडून बघावं. सुस्स करून हवा आत गेली तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय. टाकीत पोकळी धरते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबून चालते पण पाय काढला की मरते, अशी गाडी असेल तर स्लो जेट साफ करावा, नाहीतर मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरते का ते बघावं.

आता यात 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची भर पडली आहे. या गाडीचे जेट साध्या पेट्रोलच्या हिशेबाने केलेले. इथेनॉल मिसळलं की मिश्रण पातळ पडतं आणि गाडी आचके खाते. जुन्या पंपाचं डायफ्रॅम आणि रबरी पाइप इथेनॉलमुळे फुगतात, मऊ पडतात. इथेनॉलला टिकणारं डायफ्रॅम आणि पाइप घालावेत, मेन जेट एक नंबर मोठा लावून पाहावा, पण एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल एकदम नवे घातले आणि गाडी तरी मरत राहिली, तर जुना दोष राहिलाय की नवा पार्टच खराब निघालाय, हे शोधायला मार्ग राहत नाही. नवे कंडेन्सर कित्येकदा पहिल्याच उन्हाळ्यात जातात. जुना चालता कंडेन्सर काढला असेल तर कागदात गुंडाळून डॅशबोर्डच्या खणात ठेवावा, सोबत एक स्क्रू ड्रायव्हर.