बिऱ्हाडगाडीची किंमत

घर विकताना माणूस रडतो आणि गाडी विकताना खोटे बोलतो, असे आमच्या दादाचे म्हणणे आहे. दादा शेतकरी आहे, आणि शेतकऱ्याने आयुष्यात बैलांपासून ट्रॅक्टरपर्यंत इतके व्यवहार केलेले असतात की त्याचे म्हणणे माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराने निमूटपणे ऐकून घ्यावे. पण जी वस्तू घरही आहे आणि गाडीही आहे, ती विकताना काय करायचे, हे दादाला ठाऊक नव्हते आणि मलाही. यंदाच्या श्रावणात आम्हां दोघां भावांवर तोच प्रसंग आला.

भांडगावला, सोलापूर रस्त्यापासून थोडे आत, आमच्या शेताच्या बांधावर एक जुनी चिंच आहे. त्या चिंचेखाली गेली दोन वर्षे एक पांढरी टेम्पो ट्रॅव्हलर उभी होती. बाहेरून पाहिली तर लग्नाच्या वऱ्हाडाची वाटावी अशी. पण दार उघडले की आत दोन बिछाने, एक ओटा, शेगडी, पाण्याची टाकी, कपडे ठेवायला खण आणि खिडकीला फुलाफुलांचे पडदे. इंग्रजीत हिला कॅराव्हॅन म्हणतात. शब्द मूळचा फारसी, ‘कारवान’, म्हणजे प्रवाशांचा तांडा. तो युरोपात गेला, तिथे त्याचा अर्थ तांड्यावरून गाडीवर आला, आणि मग इंग्रजांनी त्याचे डोके कापून नुसते ‘व्हॅन’ तेवढे ठेवले. म्हणजे तुमच्या-आमच्या गल्लीत पाव पोहोचवणारी व्हॅन ही खरे पाहता उंटांच्या तांड्याचे शेपूट आहे! आमच्या आईने मात्र या सगळ्या भाषाशास्त्राला फाटा देऊन पहिल्याच दिवशी तिचे नाव ‘बिऱ्हाडगाडी’ ठेवले. विंचवाचे पाठीवर, तसे आपले चाकांवर.

ही गाडी आम्ही घेतली तीच मुळी आईसाठी. तिचे गुडघे गेले होते, बाहेरचे अन्न तिला चालत नसे, आणि एस. टी.त बसणे तर अशक्यच. पण फिरण्याची हौस दांडगी. दरवर्षी आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवतहून वरवंडकडे जाताना आमच्या शिवारावरून जाते. दिंड्यांबरोबर त्यांचे ट्रक असतात. त्यात तंबू, भांडी, शिधा, म्हणजे सारा संसारच. ते पाहून आई एकदा म्हणाली, “असा एक टरक मला का रे घेऊन देत नाही?” ती थट्टेने म्हणाली, दादाने ते मनावर घेतले.

तसे पाहिले तर हौसेखातर चाकांवर घर बांधण्याची कल्पना काही नवी नाही. नौदलातून निवृत्त झालेल्या गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टराने 1885 साली ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची अशी गाडी बांधून घेतली. तिला दोन घोडे लागत. त्याच्या घोड्यांना रस्त्यात गवत मिळत असे. आमच्या गाडीला डिझेल लागते, एवढाच काय तो फरक.

आम्ही 2018 मध्ये एका मोठ्या एकत्र कुटुंबाकडून 2014 ची गाडी सहा लाख वीस हजारांना घेतली आणि आतल्या सजावटीवर आणखी तीन लाख ऐंशी हजार घातले. एकूण दहा लाख. निम्मे दादाचे, निम्मे माझे. नाव माझे लागले, कारण कागदपत्रांची ये-जा मला पुण्यात सोयीची. मग नरसोबाची वाडी झाली, गाणगापूर झाले, थेट महेश्वरला नर्मदेच्या काठी आठ दिवस मुक्काम झाला. मध्ये करोनाची दोन वर्षे गाडी जागची हलली नाही, पण आई दुपारी तिच्यात जाऊन झोपे. 2023 च्या मार्गशीर्षात आई गेली. त्यानंतर दादाने गाडी चिंचेखाली लावली आणि वर ताडपत्री टाकली.

यंदा दादाला उसाला ठिबक करायचे होते. एके दिवशी त्याचा फोन आला, “काढू या का रं गाडी?” मी हो म्हणालो. किती येतील, हा प्रश्न दोघांच्याही मनात होता; उत्तर मात्र वेगवेगळे होते. दादाच्या डोक्यात सहा लाख. मी पडलो शिकलेला, मी विम्याचा कागद काढून बसलो.

वाचकहो, इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण माझ्यासारखे पुष्कळ जण याच खड्ड्यात पडतात. विम्याच्या कागदावर गाडीची एक किंमत लिहिलेली असते. ती काढण्याचे कोष्टक ठरलेले आहे. गाडी सहा महिन्यांच्या आतली असेल तर नव्या किमतीतून पाच टक्के वजा, वर्षाच्या आतली असेल तर पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, तीनपर्यंत तीस, चारपर्यंत चाळीस आणि पाचपर्यंत पन्नास. पाच वर्षांनंतर कोष्टक संपते. मग विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायचे. म्हणजे अकरा वर्षांच्या आमच्या गाडीची कागदावरची किंमत ही मी आणि विमा कंपनीने मिळून केलेली एक गोड कल्पना होती. आणि आतले बिछाने, पंखे, टाक्या यांचे मोल त्यात धरायचे तर ते वेगळे जाहीर करावे लागते. ते मी कधीच केले नव्हते.

पहिला आला तो जुन्या गाड्यांचा व्यापारी. त्याने पडद्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. इंजीन चालू करून ऐकले, खाली वाकून पाटे पाहिले, आणि म्हणाला, “दोन साठ.” दोन लाख साठ हजार! मी आतल्या ओट्याकडे बोट दाखवले. तो शांतपणे म्हणाला, “सर, ते सगळं काढायला मला चार माणसं दोन दिवस लावावी लागतील. त्याचे पैसे धरूनच सांगितलं.” ज्या ओट्यासाठी आम्ही साठ हजार मोजले होते, तो त्याच्या हिशेबात वजाबाकीत गेला होता. मला राग आला. पण घरी येऊन विचार केला तेव्हा त्याचे गणित चुकीचे वाटेना. त्याला गाडी पुन्हा चौदा खुर्च्यांची करून विकायची होती. शिवाय जागेचे भाडे, पडून राहिलेले भांडवल, आणि नोंदणी केलेल्या व्यापाऱ्याला नफ्याच्या फरकावर 18 टक्के जीएसटी. हे सारे तो कुणाच्या खिशातून काढणार? माझ्याच.

दुसरा, चौफुल्याकडचा एक तरुण. त्याला रस्त्याकडेला वडापाव आणि चहाची गाडी टाकायची होती. तो ओट्यावर एकदम खूश, पण बिछाने त्याला नको होते, आणि एका बाजूचा पत्रा कापून मोठी खिडकी करायची होती. तीन लाख, तेही हप्त्याहप्त्याने. दादाने त्याला चहा पाजून वाटेला लावले.

तेव्हा मला प्रथम उमगले, की गाडी एकच असली तरी तिच्यात तीन-चार वेगवेगळ्या वस्तू दडलेल्या आहेत, आणि जो तो आपल्याला हवी तेवढीच वस्तू विकत घेतो. बाकीची त्याला अडगळ. आमच्या दहा लाखांतले पावणेचार लाख परत यायचे, तर आमच्यासारखाच वेडा माणूस भेटायला हवा.

तो भेटला. हडपसरचे एक निवृत्त गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी. बाई आत शिरल्या, बिछान्यावर बसल्या, खिडकी उघडून उसाकडे पाहत राहिल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, इथूनच निघू या की!” गृहस्थ जरा सावध. त्यांनी आधी नोंदणीचे पुस्तक मागितले, आणि इथे माझी एक जुनी मेहनत फळाला आली. गाडीची रचना बदलली की मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे तशी परवानगी घेऊन नोंद करून घ्यावी लागते. 2018 मध्ये मी त्यासाठी किती खेटे घातले याची आठवण नको. दादा तेव्हा म्हणाला होता, “कोण बघतंय आत काय हाय ते?” पण आता पुस्तकात खाजगी कॅम्पर व्हॅन म्हणून स्वच्छ नोंद होती. ती नसती तर गृहस्थ तिथूनच परत फिरणार होते. तसे त्यांनीच सांगितले. पंधरा वर्षांची मुदत संपायला चार वर्षे होती, त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागेल, हेही त्यांना माहीत होते. त्यांनी चार लाख पंचवीस हजार सांगितले.

दादाने माझ्याकडे पाहिले. मी दादाकडे पाहिले. आणि दोघांनीही मागच्या बिछान्याच्या वरच्या कोपऱ्याकडे पाहायचे टाळले.

त्या कोपऱ्यात काय होते? हवेसाठी छताला जे भोक पाडले होते, तिथून 2022 च्या पावसाळ्यात पाणी आत आले. बिऱ्हाडगाडीचा खरा शत्रू अपघात नव्हे, ओल. इंजीन कुठेही दुरुस्त होते. पण पत्रा आणि आतले प्लायवुड यांच्यामध्ये पाणी शिरले की वरून काही दिसत नाही, आतून मात्र लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखे होते. दादाने भोकाभोवती लांबी भरली होती आणि आतून नवा सनमायका चिकटवला होता. दिसायला कोपरा बाकीच्या गाडीपेक्षा छान दिसत होता!

मी तोंड उघडले नसते तर? गृहस्थ आगाऊ रक्कम काढतच होते. खरे सांगतो, माझी नीती काही फार ताठ नाही. परीक्षेच्या पेपरात एखादा गुण इकडचा तिकडे मीही केला आहे. पण बाई त्याच कोपऱ्याखाली उशी टेकून बसल्या होत्या, जिथे आई बसत असे. मी म्हणालो, “त्या कोपऱ्यात जरा टिचकी मारून बघा.” त्यांनी मारली. आवाज पोकळ आला.

मंडळी गेली. दादा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. वहिनींनी फोनवर एवढेच सांगितले, “भावजी, ते म्हणतात मास्तराला व्यवहारात नेऊ नये.” आमच्या सौभाग्यवतीनेही, “सांगायचं होतं तर व्यापाऱ्याला सांगायचं, त्याने काही दिलंच नव्हतं,” असा एक तर्कशुद्ध मुद्दा मांडला.

आठ दिवसांनी गृहस्थ परत आले, या वेळी एका मिस्त्रीला घेऊन. मिस्त्रीने स्क्रू-ड्रायव्हरच्या मागच्या टोकाने सगळी भिंत दाबून पाहिली. चार फूट बाय दोन फूट भाग बदलावा लागेल, म्हणाला. मग तो टायरांपाशी बसला. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्यावर 2318 होते, म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, पण रबर म्हातारे. उभ्या गाडीचे टायरही म्हातारे होतात. घरातल्या दिव्यांची बॅटरी तर पडून पडून मेलीच होती. सगळे वजा करून गृहस्थांनी तीन लाख पंचेचाळीस हजार सांगितले, आणि जाता जाता म्हणाले, “तुम्ही कोपरा दाखवला म्हणून बाकीच्या गाडीवर विश्वास बसला. नाहीतर परत आलो नसतो.” हे दादाने ऐकले की नाही कोण जाणे. तो म्हणाला, “ऐंशी हजाराची टिचकी मारली तू.” पण हात पुढे केला त्यानेच.

कागदांच्या बाबतीत मात्र मी अडून बसलो. 29 आणि 30 क्रमांकाचे नमुने, विम्याचे हस्तांतर, सगळे पैसे आणि किल्ली हातोहात द्यायच्या दिवशीच सह्या करून. विकणाऱ्याने 14 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. पुष्कळ लोक ते घेणाऱ्यावर सोपवून मोकळे होतात. 2018 मध्येच सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला होता. गाडी एकामागून एक हात बदलत गेलेली, अपघात झाला तेव्हा पहिल्या मालकाचा तिच्याशी काही संबंध उरलेला नव्हता. पण पुस्तकात नाव त्याचेच, म्हणून भरपाईचा बोजा त्याच्यावर आला. हे मी दादाला सविस्तर सांगितले. “म्हंजी गाडी गेली तरी जात नाय,” दादा म्हणाला.

शेवटच्या दिवशी वहिनींनी गाडी धुऊन पुसून ठेवली होती. खणांतून आईची चंची निघाली, तपकिरीची डबी निघाली, गाणगापूरच्या खडीसाखरेची पुडी निघाली. बिछान्याच्या कडेला छतापासून एक सुती दोरी लोंबत होती. आई तिला धरून उठत असे. दादा ती सोडायला गेला, तेव्हा त्या बाई म्हणाल्या, “राहू द्या ना. माझेही गुडघे दुखतात.” दादाने गाठ पुन्हा आवळली, जरा जास्तच जोरात.

गाडी बांधावरून निघाली, रस्त्याच्या तोंडाशी थांबली आणि पुण्याच्या दिशेला वळली. वळताना दिवा काही लागला नाही.

“आयला,” दादा म्हणाला, “डाव्या अंगाच्या दिव्याची तार सुटलीय. ते सांगायचं राहिलंच की!” आणि माझ्या हातातला फोन ओढून घेऊन त्याने गृहस्थांचा नंबर लावला.